ओरोजची वाटणी चुकली

अक-जार गावात लग्न असो, बारसं असो की मयत, पहिलं बोलावणं मुल्लाला जातं आणि दुसरं ओरोजला. मुल्ला उशिरा आला तर लोक घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पीत थांबतात. ओरोज आला नाही तर मांस कढईतच पडून राहतं, कारण कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं हे त्याच्याइतकं नेमकं गावात दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

बाहेरच्यांना हे खूळ वाटतं, वाटू दे. मेंढीची मानाची हाडं बारा, आणि माणसं नेहमीच बारापेक्षा जास्त. कमरेचं हाड सगळ्यात वडील पुरुषाला, शेपटीकडचा चरबीदार तुकडा म्हणजे उचा सगळ्यात वडील बाईला, छातीचं सुनेला नाहीतर जावयाला, कान लहान मुलाला. इथपर्यंत शेंबडं पोरगंही सांगेल. घोडं अडतं ते पुढे. दोन म्हातारे एकाच हिवाळ्यात जन्मलेले, त्यातला एक यजमानाच्या बायकोकडचा पाहुणा, दुसऱ्याला मागच्या लग्नात खांद्याचं हाड मिळाल्याने तो फुगून बसलेला. अशा वेळी कुणाला काय द्यायचं? चुकीचं हाड मिळालेला माणूस तोंडाने अवाक्षर काढत नाही. तो हाताला लागलेली चरबी पुसतो, दुवा मागून उठतो आणि पुढली सात वर्षं त्या घराची पायरी चढत नाही. अशी सात-सात वर्षं आमच्या खोऱ्यात पुष्कळांनी काढली आहेत. ओरोज तबकं मांडायला लागल्यापासून मात्र कुणी असं उठून गेलेलं नाही.

वय चव्वेचाळीस. अंगाने काटकुळा. हिवाळ्यात शाळेच्या बॉयलरमध्ये कोळसा घालतो, उन्हाळ्यात शाळेला चुना लावतो. डोक्यावर कोकराच्या कातड्याची कानटोपी, आणि ती जानेवारीत असते तशी जूनमध्येही असते. तो कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, तुमच्या बुटांकडे बघून बोलतो. आमच्याकडे माणूस भेटला की तब्येत, मुलंबाळं, गुरंढोरं, पाऊसपाणी असं सगळं विचारल्याशिवाय मूळ मुद्द्याला हात घालत नाहीत. ओरोज येतो, "आलो" म्हणतो आणि सुरीला धार लावायला बसतो. वाटणी झाली की जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावर न बसता घरामागे कढईपाशी जातो आणि उभ्याउभ्या आपला तुकडा खातो. पन्नास माणसं एका वेळी चघळतात तो आवाज त्याला सोसत नाही.

कढई सांभाळणारा कालमत दर वेळी त्याची खोडी काढणार हे ठरलेलं.

"काय रे ओरोज, जूनमध्ये कानटोपी? डोकं उतू जाईल म्हणून झाकण ठेवलंयस का?"

"आवाज आत येतो म्हणून," ओरोज सांगतो. "बाहेर काही जात नाही."

सगळे हसतात. कशाला हसले ते त्याला कळत नाही, पण कालमत हसला की मांस नीट शिजलेलं असतं, एवढं त्याने हेरून ठेवलं आहे.

सात वर्षांचा होईस्तोवर तो बोलत नव्हता. त्याची आई सायरा त्याला घेऊन कुठे कुठे हिंडली. झऱ्याकाठच्या पिराला गेली, झुडपाला पांढरी चिंधी बांधली. मुल्लाने फुंकर घातली. शहरातल्या मोठ्या डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि कागदावर एक ओळ लिहून दिली. ती ओळ काय होती हे सायराने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. घरी येऊन तिने तो कागद चुलीत घातला आणि त्यावर चहा केला.

मग त्याच्या आजोबांचं वर्षश्राद्ध आलं. तेव्हाचा वाटणीवाला म्हातारा देरबिश तबकं मांडत होता आणि ओरोज गाडीखाली बसला होता. अचानक गाडीखालून आवाज आला, "ते चुकलं. ते हाड त्यांना लग्नातही दिलं होतं. आता त्यांच्या भावाचं." देरबिशचा हात थांबला. त्याने मनातल्या मनात सगळं तपासलं, आणि पोराचं बरोबर होतं. सायरा तिथेच रडायला लागली. लोकांना वाटलं सासऱ्यासाठी रडतेय, त्यांनी तिला पाणी दिलं.

देरबिशने पोराचा हात धरून त्याला जवळ ओढायला पाहिलं, तर पोर किंचाळलं.

"बरं बाबा, नाही धरत," देरबिश म्हणाला. "तुझा तू ये. इथे उभा राहा आणि बघ."

ओरोज उभा राहिला तो अठरा वर्षं, देरबिश मरेपर्यंत. म्हाताऱ्याने त्याला सुरी धरायला शिकवलं, सांध्यात पातं कसं घालायचं ते शिकवलं, आणि लोक आले की मान तरी हलवावी हेही शिकवलं. शेवटचं शिकवायला सहा वर्षं लागली. पण हात धरला नाही तो नाहीच.

पुढे कार्यक्रमात वडील बाई म्हणून सायराला उचा मिळाला की ती त्यातला अर्धा फडक्यात गुंडाळून घरामागे पोराला नेऊन द्यायची. तीस वर्षं तिने हे केलं. बायका म्हणायच्या, "घोड्याएवढा झाला तरी भरवतेस?" सायरा म्हणायची, "घोड्याला कोण विचारतं? मी माझ्या पोराला देतेय."

गेल्या वर्षी जूनमध्ये सायरा गेली.

आमच्या रिवाजाप्रमाणे अंगणात तंबू उभा राहिला. आत बायका भिंतीकडे तोंड करून हेल काढून रडत होत्या, बाहेर मुलगे आणि पुतणे काठ्यांवर वाकून उभे होते. गावोगावची माणसं "आई गं, माझी आई" असं ओरडत फाटकातून शिरतात तेव्हा काठीवाल्यांनीही तितक्याच मोठ्याने हंबरडा फोडायचा असतो. ओरोज थोरला मुलगा, तेव्हा पहिली काठी त्याची. तो दहा मिनिटं उभा राहिला. माणसांचा पहिला लोंढा ओरडत आत आला तसा त्याने काठी काखेत मारली, दोन्ही हात कानटोपीवर दाबले आणि निघून गेला. शाळेच्या बॉयलरच्या खोलीत, थंड पडलेल्या भट्टीमागे तो दोन दिवस बसून होता. तिसऱ्या दिवशीच्या जेवणाला मात्र वेळेवर हजर झाला, सुरीला धार लावली आणि कोरड्या डोळ्यांनी तबक मांडलं.

हे तंबूच्या फटीतून त्याची धाकटी बहीण बुरुल बघत होती. रडून रडून तिचा घसा बसला होता. ती बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात काम करते, लग्नही तिकडेच झालं. परत जाताना ती भावाशी एक शब्द बोलली नाही. नंतर नवऱ्याला म्हणाली, "आई मातीत गेली आणि हा हाडं वाटत बसला होता."

वर्ष असं गेलं. मग आईचं वर्षश्राद्ध ठरलं आणि बुरुल दोन दिवस आधी आली, सोबत सहा वर्षांची कुंदुज.

कुंदुज बोलत नाही. भांड्याचं झाकण हातात आलं की ते जमिनीवर गरगर फिरवते आणि थांबेपर्यंत बघत राहते. कुणी कुरवाळायला गेलं तर अंग चोरते. मोटारीचा भोंगा वाजला की खाली बसून किंचाळते. बुरुलच्या पिशवीत एक कागद होता आणि त्यावर एक शब्द लिहिलेला होता. हा कागद तिने चुलीत घातला नव्हता, पण घडी उघडून बघायची हिंमतही तिला रोज होत नव्हती.

शुक्रवारी दुपारी ओरोज अंगणात निखाऱ्यांवर मेंढीचं डोकं भाजून केस जाळत होता. बाकी सगळे हे काम फुरफुरणाऱ्या स्टोव्हवर करतात, झटपट होतं. त्याला ती फुरफुर नको असते. कुंदुज त्याच्यापासून दोन हातांवर बसून किटलीचं झाकण फिरवत होती. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. बुरुलने दारातून पाहिलं, आणि शहर सोडल्यापासून पहिल्यांदाच तिच्या पोरीचे खांदे खाली आलेले तिला दिसले. ती भावासमोर जाऊन बसली.

"आके, एक विचारायचंय," ती म्हणाली. थोरल्या भावाला ती लहानपणापासून आकेच म्हणते. "नीट ऐक."

"ऐकतोय."

"माझ्याकडे बघ तरी."

"बघितलं तर ऐकू येत नाही."

बुरुलने सुस्कारा सोडला आणि सांगून टाकलं. सीमेपलीकडच्या शहरात एक संस्था आहे. तिथले लोक म्हणतात की मुलीला सहा महिने आमच्याकडे ठेवा, चारचौघींसारखी करून देतो. अट एकच, सहा महिने आईने भेटायचं नाही, आवाजसुद्धा ऐकवायचा नाही. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. नवरा रशियात बांधकामावर आहे, तो फोनवर म्हणतो तूच ठरव. सासूबाई म्हणतात देऊन टाक, पोरीचं लग्न कसं होणार.

"तुझ्यासारखंच आहे तिचं," बुरुल म्हणाली. "आता त्याला नाव आहे. ऑटिझम म्हणतात."

ओरोजने मेंढीचं डोकं पलटलं. "आईच्या वेळी हा शब्द नव्हता."

"नव्हता. म्हणून तुला विचारतेय. बाकी सगळे बाहेरून बोलतात, आतून सांगणारा तू एकटा. तुला लहानपणी कुणी म्हटलं असतं की चल, तुला सगळ्यांसारखा करतो, तर गेला असतास?"

ओरोज बराच वेळ निखारे सारत राहिला. "सोमवारपर्यंत ना?"

"हो."

"आज शुक्रवार आहे. आज नाही सांगत."

"अरे, हो की नाही, एवढंच तर विचारतेय!"

"तू एवढंच नाही विचारलंस."

तीन रात्री न झोपलेल्या बाईचा तोल जायला इतकं पुरे होतं. "तुला नेहमीच वेळ लागतो! आई गेली त्याला वर्ष झालं, अजून रडायचा आहेस तू!"

बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. ओरोजने कानटोपीचे कान आणखी खाली ओढून हनुवटीखाली गाठ मारली आणि केस जाळत राहिला. कुंदुजचं झाकण फिरता फिरता थांबलं. तिने ते पुन्हा फिरवलं.

शनिवारी माणसं जमली. थाटामाटाने घोडी कापायला हवी होती असं म्हणणारे होते, पण त्यातल्या कुणी घोडी आणली नव्हती. मेंढ्या दोनच होत्या. कणकेचे बोर्सोक तळून दस्तरखानावर ढिगाने ओतले होते, पोरं खिसे भरत होती. बायकांनी शेवटचा शोक केला आणि बुरुलने काळे कपडे उतरवले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि लक्ष सगळं पोरीकडे होतं. कुंदुज घरामागे कढईपाशी ओरोजच्या आसपास होती, म्हणून ती त्यातल्या त्यात निश्चिंत होती.

ओरोज तबकं मांडत होता. ओठ हलत होते, हात चालत होते. पाच तबकं झाली, सहावं झालं. त्याच्या गुडघ्यापाशी फडक्याने झाकलेली एक लहान ताटली होती. कालमत पहिलं तबक उचलायला वाकला, आणि तेवढ्यात कुंदुज अनवाणी पायांनी आली. तिने फडकं बाजूला केलं, दोन्ही हातांनी ताटलीतला तुकडा उचलला आणि तोंडाला लावला. तो उचा होता.

ओसरीवरच्या बायकांनी ते पाहिलं. मानाचा तुकडा, तोही वर्षश्राद्धाचा, आणि सहा वर्षांच्या पोरीने हाताने उचललेला! बोलणं बंद झालं, आणि मग जरा जास्तच मोठ्याने सुरू झालं.

"शहरात वळण लावत नाहीत वाटतं."

"वेडसर आहे ना ती, तिला काय कळणार?"

बुरुल धावत आली. शरमेने तिचा चेहरा लाल झाला होता. पोरीच्या हातावर मारायला तिने हात उगारला, आणि ओरोज मध्ये उभा राहिला. गावाने त्याचा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला.

"जेएन आहे ती! माझ्या बहिणीची मुलगी आहे. मामाच्या घरातलं तीनदा काहीही उचलायचा तिला हक्क आहे. ही पहिली वेळ."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. रिवाज खरा होता. भाची असो की भाचा, जेएनला मामाने नाही म्हणायचं नसतं. लोक जुना आहे म्हणून तो विसरले होते, इतकंच.

"तरीच म्हणतात," कालमतला कंठ फुटला, "जेएन येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले!"

"आणि आठवा तू, कढईतलं चाखत बसलेला," ओसरीवरून म्हातारी बात्मा ओरडली. सायरा गेल्यापासून गावातली सगळ्यात वडील बाई ती, वय एक्याऐंशी, सगळ्यांची एने म्हणजे आजी. लोक हसले आणि वातावरण जरा सैल झालं.

पण एका काकूचं समाधान होईना. "ते सगळं ठीक आहे, पण उचा बात्मा-एनेचा होता ना? आता तिच्या ताटात काय वाढणार? ओरोजची वाटणी चुकली म्हणा की!"

"चुकली नाही," ओरोज म्हणाला. "बात्मा-एनेचा उचा पहिल्या तबकात आहे. मेंढ्या दोन, उचे दोन."

"मग हा कुणाचा?"

ओरोज आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. तेव्हा बात्माने हातातला बोर्सोक खाली ठेवला.

"सायराचा," ती म्हणाली. "अगं बुरुल, ऐक. तुझी आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मेंढी एकच होती, आणि मला खांद्याचं हाड आलं. माझे दात गेलेत, मान गेलेला नाही. मी म्हटलं, उठून जावं. मग पाहिलं तर ह्याच्या गुडघ्यापाशी अशीच ताटली, असंच फडकं. सातव्या दिवशी तेच, चाळिसाव्याला तेच. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत ह्याने चुकीचं हाड वाढलं ते त्याच दिवसांत, आणि ते मला वाढलं. आईचा वाटा दुसरीला द्यायला त्याचा हात धजेना. ज्याला जसं रडता येतं तसा तो रडतो, बाई. तू त्याच्यावर वर्षभर रुसलीस, आणि मी वर्षभर खांदा चघळला."

बुरुल ताटलीपाशी बसली आणि तिने हळूच विचारलं, "मग त्या तुकड्याचं काय करायचास, आके?"

"भट्टीच्या खोलीत न्यायचो. माझा अर्धा खायचो," ओरोज म्हणाला. "तिचा अर्धा ठेवायचो. दुसऱ्या दिवशी खराब व्हायचा."

कुंदुजला चरबी चालत नाही, जिभेवर बुळबुळीत लागते. तिने आतलं मांस खाल्लं, चरबीचा भाग तोडला आणि कुणाकडे न बघता ओरोजच्या ताटलीत टाकला. ओरोजने तो उचलून खाल्ला. मग पहिलं तबक कालमतच्या हातात दिलं, कारण मांस निवत होतं.

रविवारी सकाळी बुरुल उठून अंगणात आली तेव्हा तो गेल्या वर्षी तंबू होता त्या जागेवर उभा होता. हातात काठी होती.

"ही तीच?" बुरुलने विचारलं.

"तीच. परत कुणाला द्यायची ते माहीत नव्हतं." तो थांबला. "तू विचारलंस त्याचं उत्तर झालंय."

बुरुल बोलली नाही. बोलली असती तर त्याने पहिल्यापासून सुरुवात केली असती, हे तिला ठाऊक होतं.

"लोक हसतात, त्यासाठी गेलो नसतो. शाळेत मारायचे, त्यासाठीही नाही, तिथे मारणाऱ्यांना न्यायला हवं होतं. ताश-बुलाक गावच्या बाईशी लग्न ठरून मोडलं तेव्हा वाटलं होतं की जावं. एक हिवाळाभर वाटलं. मग नाही वाटलं. एका दिवसासाठी मात्र गेलो असतो. आई गेली तो दिवस. सकाळी तुमच्यासारखा झालो असतो, इथे काठीवर वाकलो असतो आणि ओरडलो असतो. मोठ्याने. लोकांनी ऐकलं असतं, तू ऐकलं असतंस. आणि संध्याकाळी परत आलो असतो."

"परत कशाला?"

"तिसऱ्या दिवशी वाटणी होती ना," ओरोज म्हणाला. त्याला तिचा प्रश्नच नवलाचा वाटला. "तुमच्यासारखा झालेला तो दुसरा माणूस वाटायला बसला असता तर उचा बात्मा-एनेला गेला असता. बरोबर गेला असता. मग आईचा वाटा कुणी ठेवला असता?"

बुरुलने ओढणीने तोंड दाबलं, तरी हुंदका बाहेर आलाच.

"रड," तो म्हणाला. "मोठ्याने चालेल. कानटोपी आहे."

ती रडली. वर्षभराचं साचलेलं होतं, भावाशी न बोललेलं सगळं त्यात होतं. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. ओरोज काठी धरून शेजारी उभा होता. डोळे मिटलेले, चेहरा आवाजाने आखडलेला, पण तो हलला नाही. थोरल्या मुलाने जिथे उभं राहायचं असतं तिथेच तो उभा होता, आणि या वेळी दहा मिनिटांहून पुष्कळ जास्त.

तिचं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आणि कुंदुजचं काय करू?"

"माझं मी सांगितलं. तिचं तिला विचार."

"ती बोलत नाही रे!"

"मीही बोलत नव्हतो. आई विचारायची. दहा-दहा वेळा विचारायची."

"काय विचारायची?"

"चहा हवा का. दार लावू का. भीती वाटते का." ओरोजने काठी भिंतीला टेकवून ठेवली. "शिकव की तिला. बटण लावायला शिकव, बोलायला शिकव, लागेल ते. मला देरबिशबाबाने शिकवलं. पण संध्याकाळी घरी सोडायचा तो मला."

सोमवारी सकाळी शहराकडे जाणारी टॅक्सी दाराशी आली. आत तीन माणसं आधीच बसलेली, चालकाला घाई, आणि घाईतला चालक करतो तेच त्याने केलं. भोंगा वाजवला. कुंदुज फाटकातच खाली बसली आणि किंचाळायला लागली. टॅक्सीतली एक बाई खिडकीतून म्हणाली, "लाडावून ठेवलीय." चालकाने पोर गप्प व्हावी म्हणून आणखी एकदा भोंगा वाजवला. असल्या अकलेच्या कांद्यांना आमच्याकडे गाडी चालवायचा परवाना मिळतो.

ओरोज पोरीसमोर उकिडवा बसला. हात लावला नाही, काही बोलला नाही. कुंदुजने किंचाळता किंचाळता त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्याच्या हनुवटीखालची गाठ ओढली, कानटोपी त्याच्या डोक्यावरून काढली आणि आपल्या डोक्यावर घातली. टोपी नाकापर्यंत आली. तिने दोन्ही कान खाली ओढून धरले. किंचाळणं थांबलं.

गावाने ओरोजचे कान कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. चेहरा उन्हाने रापलेला आणि कान दुधासारखे पांढरे.

"दुसरी वेळ," तो म्हणाला.

"आके, तुझं कसं होईल मग?" बुरुलला हसावं की रडावं ते कळेना.

"नवी शिवेन. परवाची दोन कातडी आहेत." तो उठला. टॅक्सीचं इंजिन घरघरत होतं आणि त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला होता, तरी जे सांगायचं ते त्याने पूर्ण सांगितलं. "तिसरी वेळ राहिलीय. घ्यायला हिला घेऊन ये. हिलाच. तिकडून दुसरी कुणी करून आणलीस तर तिला मी ओळखणार नाही. हक्क हिचा आहे."

बुरुलने पोरीकडे पाहिलं. टोपीखालून फक्त हनुवटी दिसत होती. ती पोरीशेजारी खाली बसली आणि टोपीच्या कानाशी तोंड नेऊन तिने विचारलं, "कुंदुज, भीती वाटते का?" उत्तर आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा कुंदुजने हात पुढे करून आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं. बुरुल तशीच उठली, मोकळ्या हाताने पिशवीतून फोन काढला आणि संस्थेचा नंबर लावला.

चालकाने पुन्हा भोंगा वाजवला. ओरोजने दोन्ही हात उघड्या कानांवर दाबले, त्यामुळे बहीण फोनवर काय बोलतेय ते त्याला ऐकू येईना. मग त्याने मान वर केली आणि सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाही," बुरुलचे ओठ म्हणत होते. "आम्ही येत नाही."